बर्फाची तारीख

४ डिसेंबर
दत्तजयंती. यात्रेला आलेले पाहुणे दुपारी जेवून घोडे बघायला गेले, भांडी अजून मोरीत. मयुरीने पुन्हा तोच मनालीचा व्हिडिओ दाखवला. बर्फाचा उतार, घसरगाडी, तिच्यात आई-लेक. "मम्मी, लगनना पहिले एकदाव. तू, मी, पप्पा." तिचं लग्न ८ फेब्रु.ला. चौथीत होती तेव्हा कबूल केलं होतं, आता बावीसची. खरं म्हणजे मलाच जास्त जायचंय. कुणाला सांगू.

७ डिसेंबर
ह्यांना विचारलं. "जाऊत ना." पण मयुरीने चौकशी केली तर सध्या तिथे बर्फच नाही, नुसता चिखल. महिनाअखेरीस पडतो म्हणे. ठीक, नाताळात.

९ डिसेंबर
नाताळचा बेत बारगळला. सासूबाई: "कमुरतामा इतलं लांब कोनी जास का? पोरनं लगन शे." कमुरता म्हणजे धनुर्मास, सुटणार संक्रांतीला. म्हणजे उरले १५ ते ३० जाने. आणि ऊसतोडही तेव्हाच. टोळी कधी येणार ते कुणी सांगत नाही, बांधावर उभी राहिली की तीच तारीख. ह्यांचं पालुपद, तोड होऊ दे, मग बघू. लग्नापासून माझं माहेरही तोड झाल्यावरच.

१३ डिसेंबर
ह्यांनी घोळ घातला. घोडेबाजारात चहा पिताना चारचौघांत सांगून आले, १८ जाने.ला लेकीला घेऊन मनालीला निघतोय. त्या चौघांत व्याह्यांचा चुलतभाऊ. साखरपुडा झालेली मुलगी, आधी व्याह्यांना विचारायचं असतं. विचारण्याआधीच बातमी पोचली. आता निस्तरा.

१४ डिसेंबर
विहीणबाईंचा फोन. आवाज गोड. "ताई, आते ती आमनी शे. थंडीमा आजारी पडनी तं? लगन व्हयनं का आम्हीच ली जासूत." हे शेजारून लगेच, "बरोबर शे." मीही हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.
फोन ठेवल्यावर कळलं काय घालवलं ते. बर्फ तिला मिळेल. मला नाही. जावयाच्या फिरण्यात सासूला कोण नेतं. लिहायला लाज वाटते, पण राग मयुरीचाही आला. गप्प उभी होती.

१६ डिसेंबर
कमुरता लागला. सकाळपासून लग्नाचे पापड. दोन दिवस अबोला होता, आज लाट्या करता करता मयुरी म्हणाली, "मी त्याले सांगी दिनं, मी मम्मीसंगे जासू. तुन्ही मायले तूच सांग." त्याले म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला. काय म्हणाला तो? "देखस म्हने." बघतो. सगळे बघतोच म्हणतात.
मग म्हणाली, "आते तारीख सांग. पप्पानी नको, आजीनी नको. तुन्ही."
हात थांबला. ह्या घरात तारीख मला कुणी विचारलेली आठवत नाही.
डिसेंबरच्या मागे टांगलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर खाली काढलं. जानेवारीत सिलिंडर, हळदीकुंकू, पत्रिका वाटप, आणि ह्यांच्या अक्षरात ऊस, ऊस, प्रश्नचिन्ह. १९ कोरी. तोड आली तर? विहीणबाई रुसल्या तर? पिठाच्या हातानेच पेन घेतलं, गोल केला.
सासूबाई खाटेवर पापड पसरत सगळं ऐकत होत्या. वाटलं आता बोलतील. म्हणाल्या, "बरफ हातमा धरता येस का वं?"
मला तरी कुठे माहीत.
फाटकाशी ट्रॅक्टर वाजतोय, हे आले. कॅलेंडर परत खिळ्याला लावलंय. जानेवारीचंच पान वर ठेवलंय.