कर्टिसने आणलेल्या पांढऱ्या ट्रकबद्दल तक्रार

ट्विन फॉल्स, आयडाहो
जूनअखेर

हार्लनदादा यांस,

धाकट्या लाइलचा टोपी काढून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डोरोथीवहिनींचा खोकला गेला का? तिकडे पाऊस झाला नाही असं रेडिओवर ऐकलं, तेव्हा गवताची पहिली कापणी बेताचीच झाली असणार. ज्या पोरसवदा डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून तुझा गाडी चालवण्याचा परवाना घालवला, त्याला माझा निरोप सांगू नकोस, कारण तो कागदावर लिहिण्यासारखा नाही. गाडी काय भिंतीवर चालवायची असते? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात या घराचं नाक कापलं गेलंय, आणि ते माझ्या पोटच्या पोराने कापलंय.

सुरुवात माझ्या मूत्राशयापासून झाली. (वहिनी तुला हे पत्र वाचून दाखवत असतील, तर त्यांनी हे वाक्य गाळावं.) गेल्या उन्हाळ्यात तुझ्याकडे यायला निघालो आणि अर्ध्या वाटेत डिलनवरून परत फिरलो, तेव्हा पाठ धरली असं मी तुला कळवलं होतं. पाठ धरली होतीच. पण त्याआधी दर थोड्या वेळाने गाडी थांबवायला लावून मी सगळ्यांचा जीव नकोसा केला होता, आणि नजर पोचेल तिथवर एक झुडूप नाही अशा मुलखात माणसाने करावं तरी काय? कर्टिस काही बोलला नाही. जनेल, म्हणजे आमच्या सूनबाई, त्याही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा त्यांचं काहीतरी शिजत असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. हिवाळाभर ती कॉम्प्युटरसमोर बसली, आणि वसंतात एके संध्याकाळी बटाटे वाढता वाढता तिने जाहीर केलं की आपण ट्रकच्या हौद्यात बसवायचा कॅम्पर घेतोय. जुनाच, पण आत चूल आहे, झोपायला जागा आहे आणि स्वतःचा संडास आहे. "म्हणजे बाबांना हवं तेव्हा," असं ती म्हणाली, आणि ब्रिन आणि टेसा या माझ्या दोन्ही नाती ताटात तोंड घालून खुदखुदल्या. मी मागितलं होतं का? मी फक्त एवढंच म्हणालो होतो की हार्लनची आणि माझी भेट व्हायला हवी, दोघंही हिंडतेफिरते आहोत तोवर.

बरं, कॅम्पर आला. चार पायांवर अंगणात उभा राहिला. कर्टिसने मोठ्या ऐटीत आपला जुना ट्रक (मीच त्याला दिलेला, बाबांपासून आपण घेत आलो त्याच आपल्या कंपनीचा, अजून ठणठणीत) उलटा घालून त्याच्या पोटाखाली नेला आणि कॅम्परचे पाय वर घेतले. दादा, ट्रक मागून असा बसला की जणू आता उठणारच नाही. नाक आकाशाकडे. दिवे लावून बघितले, तर उजेड रस्त्यावर नाही, शेजारच्या चिनाराच्या शेंड्यावर. मी म्हणालो, यात काय झालं, आपल्या बाबांनी याच कंपनीच्या ट्रकात एका खेपेला अख्खा पियानो आणि एक गाय आणली होती. सूनबाई म्हणाल्या, "पियानो आणि गाय एकदाच आणली, बाबा. आपल्याला रोज संध्याकाळी जिवंत पोचायचंय." मग तिने ट्रकचं दार उघडून चौकटीवरचं ते चिकटवलेलं लेबल वाचून दाखवलं, हा ट्रक किती ओझं वाहू शकतो ते. मी जन्मभर त्या दारातून आत-बाहेर केलं, पण ते लेबल वाचलं नव्हतं. तू वाचलंयस? कुठलाही शहाणा माणूस दारावर काय लिहिलंय ते वाचत बसतो का?

त्यानंतर या घरात जे झालं त्याला मी अत्याचार म्हणतो. त्या लेबलावरच्या ओझ्यात माणसंही धरायची असतात म्हणे. न्हाणीघरातला वजनकाटा गॅरेजमध्ये आला, आणि सगळ्यांना एकेक करून त्याच्यावर उभं केलं. मुली झाल्या, कुत्रा झाला, बिडाचा तवा झाला, पाण्याची टाकी भरून किती होईल त्याचा हिशेब झाला, आणि मग माझी पाळी आली. बूट काढू का विचारलं तर म्हणे, "प्रवासाला अनवाणी येणार आहात का?" टोपी, कंबरपट्टा, त्याचं ते रोडिओत घोड्यावर टिकून जिंकलेलं बक्कल, सगळ्यासकट मला तोललं. आकडा टेसाने मोठ्याने वाचला. सूनबाईंनी नुसता सुस्कारा टाकला आणि तव्याकडे बघितलं. आमच्या दोघांपैकी एकाला घरी ठेवायचा तिचा विचार चालला होता, असं मला अजूनही वाटतं.

तर ठरलं की मोठ्या ताकदीचा, लांब हौद्याचा, मागे जोडचाकांचा ट्रक हवा. मी म्हटलं, जरूर घ्या. आपल्या कंपनीच्या विक्रेत्याकडे मी स्वतः गेलो, तर त्याच्याकडे तसा ट्रक येणार होता हिवाळ्यात. हिवाळ्यात घेऊन काय त्याच्यावर बर्फ साठवायचा? मी कर्टिसला सांगितलं की थांबू. तो हो म्हणाला. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी, दादा, मी ओट्यावर बसलेलो असताना, माझ्या डोळ्यांदेखत, तो पांढरा, जोडचाकी, लांब हौद्याचा ट्रक घेऊन अंगणात शिरला, आणि त्याच्या नाकावर त्या दुसऱ्या कंपनीचा बिल्ला होता.

नाव मी लिहिणार नाही. बाबांनी घरात कधी ते घेतलं नाही, आपणही घेतलं नाही. माझी मार्लीन तर त्या घराण्यातलीच होती, तिच्या वडिलांकडे तसले चार ट्रक होते, पण लग्न झाल्यावर तिने मुकाट्याने आपली कंपनी मानली. तुझा जावई रॉड नाताळला तसल्या ट्रकातून आला, तेव्हा तू त्याला फाटकाबाहेर थांबवलंस, आणि तो बिचारा भाजलेली टर्की छातीशी धरून बर्फातून घरापर्यंत चालत आला. आपण दोघं खिडकीत उभे राहून बघत होतो. मला तुझा किती अभिमान वाटला होता. आणि आता माझ्याच दारात हे. मी कर्टिसला स्वच्छ सांगितलं की मी यात पाऊल ठेवणार नाही. तो म्हणाला, "बाबा, हा तुमच्यासाठीच घेतलाय." मी म्हटलं, मग मला विचारून घ्यायचा होता.

यावर तोड मीच काढली. ट्रक त्या कंपनीचा, पण कॅम्पर काही त्या कंपनीचा नाही. तेव्हा मी कॅम्परमध्ये बसणार, पुढे नाही. सरावाची फेरी म्हणून आम्ही तलावावर निघालो, तेव्हा चौघं (आणि कुत्रा) पुढे मऊ गाद्यांवर आणि मी मागे जेवणाच्या टेबलाशी एकटा. पहिल्याच वळणावर कपाट उघडलं आणि घेवड्याचे डबे एकेक करून माझ्या भेटीला आले. दुसऱ्या वळणावर कॉफी मांडीवर. संडास होता दोन पावलांवर, पण त्या डुलणाऱ्या खोलीत उभं राहून नेम धरायचा म्हणजे तरुणांचं काम आहे. (वहिनी, हेही गाळा.) म्हणून कर्टिसने वाटेत डिझेल भरायला गाडी थांबवली, तेव्हा मी मागचं दार उघडून गुपचूप उतरलो आणि पंपावरच्या दुकानात गेलो. बाहेर येऊन बघतो तो पांढऱ्या ट्रकच्या जागी मोकळी हवा.

फोन कॅम्परच्या टेबलावर. नंबर कुणाचा पाठ नाही. दुकानात चार-पाच म्हातारे शेतकरी कॉफी घेत बसलेले, आणि दादा, सगळ्यांच्या डोक्यावर आपल्याच कंपनीच्या टोप्या. माझ्याही. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवली. कितीतरी दिवसांनी मला माणसांत आल्यासारखं वाटलं. काउंटरवरच्या बाईने शेरीफच्या कचेरीत फोन लावला आणि मला विचारू लागली.

"कसली गाडी आहे, आजोबा?"

"पांढरी."

"कुठल्या कंपनीची?"

"मोठी आहे. मागे जोडचाकं. वर कॅम्पर."

"ते सांगितलं मी त्यांना. कंपनी कुठली?"

टेबलावरचे सगळे माझ्याकडे वळले. त्यातला एक जण माझ्या टोपीकडे बोट दाखवून म्हणाला, "अगं, विचारतेस काय? आपलीच." आणि मी, देवाशपथ सांगतो, मी काही बोललो नाही. नुसती मान हलवली. तीही जरा तिरकीच.

परिणाम असा की शेरीफच्या माणसाने आपल्या कंपनीचा एक पांढरा कॅम्परवाला ट्रक हुडकून थांबवला आणि युटाहचं एक दातांच्या निवृत्त डॉक्टरांचं जोडपं पंपावर आणून उभं केलं. माझ्याकडे बोट करून त्यांना म्हणाला, "हे तुमचे का?" त्या बाईने मला नीट न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आपण तर कुणालाच विसरलो नव्हतो ना रे?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात खरा ट्रक धूळ उडवत आत आला. तलावावर पोचल्यावर टेसाने मला जेवायला बोलावण्यासाठी मागचं दार उघडलं होतं, आणि आत घेवड्याच्या डब्यांशिवाय कुणी नव्हतं. वाटेत कुठेतरी दारातून पडलो असं समजून कर्टिस सगळा रस्ता खड्डा-खड्डा बघत आला होता. टेसा रडत रडत येऊन माझ्या कंबरेला बिलगली. आणि कॉफीचं टेबल उठून खिडकीत आलं. त्यांनी ट्रकचा बिल्ला बघितला, मग माझी टोपी बघितली. रॉडला त्या बर्फात काय वाटलं असेल ते मला त्या वेळी थोडं कळलं, पण ते जाऊ दे.

कर्टिस माझ्यावर ओरडला असता तर मी तोंड दिलं असतं. तो नुसता म्हणाला, "बाबा, एक तर पुढे बसायचं, नाहीतर आपण कुठेच जायचं नाही. हार्लनकाकांकडेही नाही." हे आपल्या बापाशी बोलणं झालं का? मी पुढे बसलो. डोळे मिटून. घरी येईपर्यंत एकदाही डॅशबोर्डकडे बघितलं नाही. असो. येत्या गुरुवारी ही मंडळी तुझ्याकडे यायला निघणार आहेत, वाटेत एक मुक्काम करून शुक्रवारी दुपारी पोचतील. मी येईन की नाही ते अजून सांगता येत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
लाइल

ता. क. तुझ्या फाटकावर "इतर कंपन्यांचे ट्रक बाहेर" अशी पाटी आहे. अक्षरं माझीच आहेत आणि चांगली आली आहेत. पण फाटकापासून घर म्हणजे मैलभर चढ, आणि मला आता तेवढं चालवत नाही. पाटी चार दिवसांसाठी धुवायला काढलीस तर कुणाला शंका येणार नाही.

दुसरा ता. क. पाटी काढायला जीव होत नसेल तर निदान बाबांच्या जुन्या ट्रकचा बिल्ला (तुझ्या कोठारातला, कोंबड्या बसतात तो ट्रक) काढून फाटकाजवळच्या टपालपेटीत ठेव. कॅम्परचं जे कपाळ ट्रकच्या टपावर येतं, तिथे तो बरोबर बसतो, मी माप घेतलंय. लांबून येणाऱ्याला आधी तोच दिसेल.

तिसरा ता. क. वहिनी, हे हळू आवाजात वाचा, रॉड आसपास असेल तर नकोच. दादा, मी पुढच्या सीटवर असेन. हसायचं तर पोटभर हस, पण फाटकाशी ये, मला तुला बघायचंय. त्या सीटा गरम होतात, पाठीचं दुखणं डिलनच्या पुढेही येणार नाही असं वाटतं. काल कर्टिस झोपला होता तेव्हा मी ट्रक गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणला. कॅम्पर तुझ्या अंगणात त्याच्या पायांवर उतरवून ठेवला की हौदा मोकळा होतो. मग आपण दोघं मागच्या कुरणात जाऊ, आणि चालवणार तू. तिथे परवाना कुणी विचारत नाही, आणि गाईंना कंपनी कळत नाही.