टीव्हीमागची भिंत

लातूर, ६ जून २०१०
सासरी येऊन आठवडा झाला. घर आवडलं. शिवशंकर क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. बॅच सुटली की सरळ घरी येतो, माझ्यासाठी. वरची आमची खोली जिप्सम बोर्डाची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर डोक्याशी दगड-विटा नकोत, असा सासूबाईंचा हट्ट होता. माहेरचा टीव्ही भिंतीवर मीच बसवणार. विष्णुपुरीला चार वर्षं इंजिनीअरिंग शिकले ते कधी कामी यायचं? नुसता बोर्ड एवढं वजन पेलत नाही. बोल्ट आतल्या पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांतच जायला हवेत.

८ जून
लोहचुंबक फिरवून पट्ट्या सापडल्या. खात्रीसाठी भिंत ठोकून पाहिली, तर सासूबाई धावत वर आल्या. ठोकू नको म्हणाल्या. त्यांच्या गावी भूकंपात ढिगाऱ्यावर असंच ठोकायचे आणि कान लावून थांबायचे. आतलं माणूस जिवंत असलं तर उलट ठोकायचं. दीपाली ठोकत होती. तिच्याशी शिवशंकरची सोयरीक ठरली होती. तिथून हलंना, मीच वढत आणलं त्याला, म्हणाल्या.
हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आई, ही भिंत पोकळ आहे. त्या म्हणाल्या, म्हणून तर सांगायले, बाई.
टीव्ही बसवला. पातळी अचूक.

१५ जून
भिंतीतून ठोकल्याचा आवाज येतो. तापलेला पत्रा निवताना वाजतो, हे मी शिवशंकरला समजावलं. त्याने भिंतीवर ठोकलं. उत्तर आलं.
मी ठोकलं. काही नाही.

२१ जून
क्लासवरून येतो तो थेट भिंतीशी. गाल टेकवून हसतो. माझ्याशी असं कधी हसला नाही. जेवायला बोलावलं तर म्हणाला, थांब, ती बोलायली.

२४ जून
टीव्ही उतरवला, बोर्ड कापला. आत पट्ट्या आणि धूळ. बघ म्हटलं. त्याने भोकात हात घातला आणि तसाच राहिला, कुणी बोटं धरावीत तसा. मग मी घातला. गार पत्रा.

२५ जून
वर गेले तर तो नाही. मला न सांगता गेला. नवा बोर्ड लावून भोक बंद केलं. सगळे स्क्रू घट्ट.

२६ जून
गाडी दारात. चपला दारात. क्लासमधून फोन, सर आले नाहीत —

आतून ठोकतोय. जड हात. त्याचाच. सासूबाई रडतायत, खोल म्हणतायत. एक स्क्रू काढला —

दुसराही हात आहे. त्याच्या हाताला लागूनच. दोघं एका ठेक्यात —

मी स्क्रू परत लावला.