साठवणीच्या खोलीतली भेग

९ ऑक्टोबर, गुरुवार

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग.

तुझं पत्र आणि त्यातलं गाडीचं तिकीट सोमवारी पोचलं. फोन असताना पत्र कशाला, असं पोस्टमननं विचारलं. मी म्हटलं, आमची लेक बापावर गेली आहे, महत्त्वाचं काही असलं की कागदावर लिहिते. तो हसला. या आठवड्यात माझ्याशी हसून बोललेला तो एकटाच, म्हणून आवर्जून कळवतो.

माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघा शिडीच्या पाचव्या पायरीवर कुरकुरतो, म्हणून मी चार पायऱ्यांची शिडी घेतली. शेजारचे कर्नल (जन्मभर औषधांचं दुकान चालवलं, पण चालतात तसे, म्हणून कर्नल) मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या खिडक्या आता बंदच असतात. मी हल्ली स्वयंपाक करताना भाजीशी बोलतो. भाजीला माझं म्हणणं पटतं, वाद घालत नाही. तुझी आई असती तर म्हणाली असती, एवढं ऐकून घेणारं कुणीतरी भेटलं एकदाचं.

तर, तुम्ही तिकडे घर पसंत केलंत. सुटं घर, मागे मोकळी जागा, सकाळचं ऊन. वाचून बरं वाटलं. पुढे तू लिहिलंयस, ‘बाबा, तुम्ही बघितल्याशिवाय मी एक वीटसुद्धा घेणार नाही. मागच्या वेळी तुम्हीच आम्हाला वाचवलंत.’ आणि आठवडाभर राहायलाच या, म्हणालीस. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आधी कामाचं बोलतो. तपासणीला माणूस बोलावशील तेव्हा त्याच्याबरोबर स्वतः हिंड, नुसता अहवाल वाचू नकोस. (हो, ‘माणूस’ म्हटलं. ते पुढे सांगतो.) चांगला तपासणारा घरात शिरत नाही, आधी बाहेरून एक फेरी मारतो. जमिनीचा उतार घराकडे आहे का घरापासून लांब, पावसाचं पाणी कुठे जातं, छपराच्या पन्हळी तुंबल्यात का, हे तो आधी बघेल. मग छप्पर. खालूनच मान वर करून ‘छान आहे’ म्हणाला तर त्याला तिथूनच निरोप दे. माळ्यावर चढून टॉर्च मारायलाच हवी. माळ्यावरचे डाग कुणी रंगवत नाही, त्यामुळे खरं तिथे दिसतं.

आत आला की नळ एकेक करून नाही, सगळे एकदम सोडायला सांग, म्हणजे पाण्याचा दाब कळतो. मोऱ्यांमधून पाणी किती वेळात जातं ते बघा. विजेची पेटी उघडून दाखवायला लाव, अर्थिंग आहे का ते विचार. दारं-खिडक्या लावून बघ. एखादं दार आपोआप उघडत असेल तर हसण्यावारी नेऊ नकोस. भिंतींना खालच्या बाजूला हात लावून बघ. नुकताच रंग दिलेला एकच कोपरा दिसला तर तो कुणी आणि का दिला, ते विचार.

आणि तो काय करणार नाही, हेही माहीत असू दे. भिंत फोडून आत बघणार नाही, फरशी उचलणार नाही, घराचा भाव सांगणार नाही. आणि ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं तर मुळीच म्हणणार नाही. जे दिसतं ते लिहायचं, निर्णय घेणाऱ्याचा. आमच्या घरं तपासायच्या धंद्यात एवढं एक पाळतात.

इथे थांबतो. हात दुखतोय.

१० ऑक्टोबर, सकाळ

हात दुखत नव्हता.

ठके, ते सात वर्षांपूर्वीचं घर आठवतं ना? तीन तासांच्या अंतरावरचं, जावईबापूंच्या नव्या नोकरीच्या गावातलं. तुझी आई जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तू दोन गल्ल्या सोडून राहायचीस आणि रोज संध्याकाळी दार ढकलून विचारायचीस, ‘बाबा, जेवलात का?’ मी जेवलेला असलो तरी नाही म्हणायचो, म्हणजे तू बसायचीस.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हातारे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, नात्यातल्या माणसाचं घर आपण तपासायचं नाही, दुसऱ्याला पाठवायचं. तीस वर्षं मी ते पाळलं. कर्नलांचं घरसुद्धा दुसऱ्याकडून तपासून घेतलं. तुझ्या वेळी मात्र मीच पुढे झालो. तुझा बाप असताना परका कशाला, असं वरून ऐटीत म्हणालो.

तू तिथल्या स्वयंपाकघरात पावलं मोजत होतीस, जेवायचं टेबल कुठे बसेल ते बघायला. चार पावलं, मग वळून तीन. मोजताना चुकलीस आणि हसलीस. आई गेल्यानंतर तुला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी मागच्या साठवणीच्या खोलीत होतो. भिंतीला खाली एक भेग होती, गिलाव्याची, केसाएवढी. असल्या भेगा मी हजारांनी पाहिल्यात. गिलावा वाळताना आकसतो, बाकी काही नाही. सवयीनं भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण केली आणि तारीख घातली. पुढे भेग खुणेबाहेर गेली तर घर हलतंय, नाही गेली तर नाही. एवढं साधं असतं.

आणि तिथेच बसून अहवालात मी लिहिलं, ‘पाया खचत असल्याची दाट शक्यता. घेऊ नये.’

‘घेऊ नये’ हे शब्द मी आयुष्यात त्या एकाच कागदावर लिहिले. तू एकही प्रश्न विचारला नाहीस. येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला आनंद झाला. तीन तास हात अवघडला तरी मी हलवला नाही. त्या आनंदाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढचं तुला माहीत आहे. त्या गावात घर झालं नाही म्हणून जावईबापूंना तिथे धरून ठेवणारं काही उरलं नाही, आणि आठ महिन्यांनी त्यांनी लांबची नोकरी पत्करली. तीन तासांवर जाणार होतीस ती दोन दिवसांच्या प्रवासावर गेलीस. माझ्याच अक्षरानं. आता आपलं रविवारचं बोलणं पाच मिनिटांचं असतं. सगळं ठीक ना, हो ठीक, तुमचं, आमचंही. आणि तू तिकडे सगळ्यांना सांगतेस की माझ्या बाबांमुळे आम्ही वाचलो. एकदा तुझ्या मैत्रिणीनं फोनवर माझे आभार मानले. मी ‘अहो, त्यात काय’ म्हणालो.

तुझं पत्र आल्यावर मंगळवारी मी त्या घरी गेलो. का गेलो ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. कदाचित भेग वाढलेली निघेल, पाया खरंच खचलेला निघेल, आणि मी नकळत खरंच लिहिलेलं असेल, अशी वेडी आशा होती. परक्या बाईचं घर खचावं अशी इच्छा धरून तुझा बाप तीन तास बसमध्ये बसला होता, हेही लिहून ठेवतो.

तिथे एक निवृत्त शाळामास्तरीण एकट्या राहतात. मी ओळख सांगितली, सात वर्षांपूर्वी हे घर तपासलं होतं म्हणून. त्या म्हणाल्या, “मग आत्ता सुचलं होय यायला? अहो, मी तर काही न बघताच घेतलं. कुणीतरी ऐन वेळी सोडलं म्हणून मला मिळालं. त्या माणसाचं भलं होवो!”

मी साठवणीची खोली बघायची का विचारलं. त्यांनी जुन्या वह्यांची खोकी सरकवायला मदत केली. त्या भिंतीला कुणी रंग दिलेला नव्हता. भेग होती तिथेच होती. दोन्ही टोकांना माझ्या पेन्सिलीच्या खुणा, शेजारी माझ्या हातची तारीख. सात वर्षांत कणभरही पुढे गेली नाही. मी गुडघ्याची पर्वा न करता तिथे बसून राहिलो.

“काळजीचं काही नाही ना?” बाईंनी विचारलं.

“नाही. घर उत्तम आहे,” मी म्हणालो.

“तुमचा चेहरा तर वेगळंच सांगतोय.”

त्यांनी चहा केला. टेबल अगदी तू पावलं मोजलीस तिथेच आहे. खिडकीतून समोरचं झाड दिसतं. मी कप निम्मा ठेवून उठलो.

म्हणून ठके, नवं घर मला तपासायला लावू नकोस. माझे डोळे अजून चांगले आहेत, पण तुझ्या बाबतीत त्यांचा भरवसा नाही. आणि उलटीही भीती आहे. या वेळी तुला खूश करायला मी ओली भिंत कोरडी म्हणेन, दुरुस्तीला आलेलं छप्पर धडधाकट म्हणेन. तेही खोटंच. परका माणूस बघ, वर लिहिलेलं सगळं त्याच्याकडून करून घे, आणि निर्णय तुम्ही दोघं घ्या.

हे मी कधी सांगणार नव्हतो. तुझ्यासमोर आठवडाभर बसलो असतो, घर पाहिलं असतं, तू पुन्हा आभार मानले असतेस. मला यायचंय, हे लपवत नाही. तिकीट आल्यापासून मी बॅग दोनदा भरली आणि दोनदा रिकामी केली. तिकीट परत पाठवायला हवं, पण तेवढं धैर्य माझ्याकडे नाही. गाडीला अजून अकरा दिवस आहेत. हे सगळं वाचूनही या म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर का, ते विचारणार नाही.

जावईबापूंना हे पत्र दाखव. त्यांचीही वर्षं मी घेतली आहेत.

क्षमा मागत नाही, ती एका पत्रात मागून मिळण्यासारखी नाही. एवढंच मागतो. चिडलीस तर फोनवर ओरड, भांड, जावईबापूंना बोलायला लाव, वाट्टेल ते बोल. पण गप्प बसू नकोस. या घरात गप्प बसायला मी एकटा पुरेसा आहे.

तुला जवळ ठेवायला निघालेला,
तुझा बाबा