पेट्यांच्या दुकानातलं विमान

९ सप्टेंबर
कल्याणनं आज मी पत्रा मोडून केलेली बरगडी फेकून दिली! विमानाच्या पंखाची बरगडी. बापाच्या माघारी ह्या दुकानात पत्र्याच्या पेट्या आन् धान्याच्या कोठ्या ठोकत आले मी. कोपरा असा मोडते की बोट कापलं पायजे. माझ्या पेटीसारखी धार आख्ख्या शेवगावात कुनाची न्हाई. आन् हा धाकटा भाऊ मला म्हनतो, "आक्का, लई धारदार झालं. मोड गोल पायजे."
गोल! पत्रा हाय का पुरनपोळी?

१० सप्टेंबर
हवाईदलात पत्राकाम करून रिटायर झाला. गप घरी बसावं का न्हाई? न्हाई! एका मान्साचं विमान बनवतोय. माझ्या दुकानात, माझ्याच कातरीनं. ऊसतोडीला कोयत्यावर जानारी मानसं आता पेट्या न्यायला येतील, त्यांनी काय पंखावर बसायचं?

१३ सप्टेंबर
फेकलेली बरगडी त्यानं उचलून आनली. दोनदा मागंपुढं वाकवली. माझ्या त्या झकास कोपऱ्यावर केसाएवढी चीर!
"पेटी फुटली तर ज्वारी सांडती, आक्का. वर हे फुटलं तर मी सांडंल."
बरगडी मीच भंगारात टाकली.

१५ सप्टेंबर
हा जर्मनचा, म्हंजे ॲल्युमिनियमचा पत्रा लई नखरेल. सागवानी फळीची कड रंधा मारून गोल करायची, तिच्यावर लाडीगोडीनं मोडायचा. भोक पाडलं की कड घासायची. खिळ्यानं रेघ मारायची न्हाई, तितंच फाटतो म्हने. मार्करनं मारायची. एवढे लाड माझ्या नवऱ्याचे केले असते तर तो पळून गेला नसता. — जाऊ दे, बरं झालं गेला.

२२ सप्टेंबर
समोरचा चहावाला कानिफनाथ म्हनतो, "भागिरथीबाई, लग्नात वरून फुलं टाकाया भाड्यानं द्या की!"
म्हनलं, "पयल्यांदा तुलाच टाकते."

२ ऑक्टोबर
हाताची खोड! चांगल्या बरगडीवर खिळ्यानं रेघ मारून बसले. आता बोलनी खायची म्हनून गप उभी ऱ्हायले. कल्याणनं बरगडी उजेडात धरली, कडेवरून बोट फिरवलं. "झकास, आक्का."
झकास? मंग कशाला एवढा छळ मांडलाय माझा!
नंतर चहा वतला त्यानं. अर्धा कपाच्या भाईर.

३ ऑक्टोबर
आज मुद्दाम केलं. भंगारातला तुकडा घेतला, मधोमध खिळ्यानं ढळढळीत फुली मारली. दिला त्याच्या हातात.
"झकास."
हातोडा खाली ठेवला मी.

४ ऑक्टोबर
इचारलं न्हाई. पेट्या केल्या. दोन्ही वाकड्या.

५ ऑक्टोबर
इचारलं. "कल्ल्या, दिसतंय का तुला?"
लई येळ कानसच पुसत बसला. "उजवा गेला, आक्का. डावाबी धुरकट. डॉक्टर म्हनला, मोटारसायकलबी चालवू नको."
"मंग हे कुनासाठी ठोकतोय, मुडद्या? मराया बसनार हुतास व्हय ह्याच्यात?"
"जमिनीवरच पळवलं असतं थोडं."
खोटं! ल्हानपनी बोरं चोरून आला की असाच खाली बघायचा. एवढ्या शिव्या घातल्या की कानिफनाथ किटली घेऊन रस्त्यात आला.

६ ऑक्टोबर
कल्याण आला न्हाई. दुकानात निस्ता पंख. त्याच्याकडं बघत जेवले.

७ ऑक्टोबर
सकाळी जाऊन त्याला वढून आनलं. आता तपासनी मी करते. त्यानं पास केलेल्या सगळ्या बरगड्या पुन्हा उन्हात धरल्या. निम्म्या भंगारात. मी लई बोलले.

९ ऑक्टोबर
आज विमानातल्या खुर्चीसाठी माप घेतलं. माझं! टेप त्यानं धरली, आकडे मी वाचले. कंबर जरा कमी सांगितली. वजन मातर खरं सांगितलं.