भाऊंचे हात

६ एप्रिल
मु.अ. सरांनी मधल्या सुट्टीत बोलावलं. भाऊंचा वाढदिवस आलाय. भाऊ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, यंदा झेडपीला उभं राहायचं म्हणतात. त्यामुळे फ्लेक्स नको, काहीतरी "कलात्मक" हवं. शाळेसमोरच्या गावच्या नव्या पाण्याच्या टाकीवर त्यांचं चित्र. "बाई, तुमच्याशिवाय कोण करणार?" चित्रकला शिक्षिकेची माझी कंत्राटी ऑर्डर जूनला संपते, हे ते बोलले नाहीत. नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. तेवढं पुरलं. हो म्हटलं. स्वतःचीच किळस आली, पण हो म्हटलं.

टाकी बांधून दोन उन्हाळे झाले. आत थेंब नाही.

९ एप्रिल
व्हॉट्सॲपवर फोटो आला. गॉगल, गळ्यात साखळी, हात जोडलेले. सोबत सूचना: गॉगल काढावा, डोळे प्रेमळ असावेत, केस काळे, पोट कमी.
प्रेमळ डोळे कुठून आणू? गॅदरिंगला त्यांचे गॉगलशिवायचे डोळे पाहिलेत. शेवटी आमच्या वारलेल्या मामाचे डोळे वापरायचं ठरवलं. मामा, माफ कर.

शिळफाट्याला रंग आणायला गेले. वर भाऊ आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साइज डोकी, सगळा चौक फ्लेक्सनी भरलाय. दरवेळी नाकं मुरडते मी. आता मीपण तेच करणार, फक्त ब्रशने.

१३ एप्रिल
परांचीवर दिवसभर. ऊन मी म्हणतंय. चौकटी आखून घेतल्या, एक कान आणि कपाळ झालं. विहिरीकडे जाणाऱ्या बायका हंडे घेऊन खाली थांबतात. हिराबाय, जिची नात माझ्या सातवीच्या वर्गात आहे, खालून ओरडली, "बाई, ह्यो कोन गं?"
"भाऊ."
"मंग आत बी तेच हायेत का? पानी तर नाय कुठं."
बायका हसल्या. मी पण. मग मान वळवून कानाला रंग लावत बसले.

१८ एप्रिल
वाढदिवस. जेसीबीच्या फावड्यातून फुलं उधळली. पाइपलाइनचा चर खणायला हा जेसीबी कधीच मोकळा नसतो. केक, ड्रोन, फटाके. सगळे म्हणाले, हुबेहूब! मामाचे डोळे आणि हुबेहूब! भाऊ माझ्याकडे न बघता मु.अ. सरांना म्हणाले, "चांगलं केलंय पोरीनं." मी पंचेचाळिशीची आहे.
घरी येऊन हातपाय घासून धुतले. रंग गेला.

२० एप्रिल
आज काय झालं ते लिहायलाच हवं. हिराबाय रिकामा हंडा कमरेवर घेऊन चित्रापुढे उभी राहिली आणि बाकीच्यांना म्हणाली, "बगा गं. भाऊंनी पन हात जोडलं."
एवढंच. दुपारपर्यंत गावभर. पाण्याचं विचारलं की लोक टाकीकडे बोट दाखवतात. त्यांनी हात जोडलेत बाबा, आता नाय होनार त्यांच्यानं.
इतके दिवस तो फोटो डोळ्यांसमोर होता, मला त्यात नमस्कारच दिसला. शिकलेली मी, पण सुचलं तिला. बसमध्ये एकटीच हसले. खालापूरला घराशी उतरेपर्यंत हसत होते.

२४ एप्रिल
टाकीखाली आता रोज संध्याकाळी बायका बसतात. आधी थट्टा होती, आता प्रश्न आहेत. मोटार आली ती कुठाय? पाइप कोणाच्या शेतापाशी अडलाय? गावच्या टाकीवर एका माणसाचं चित्र कोणाला विचारून? दोन वर्षांत हे कोणी मोठ्यानं विचारलं नव्हतं.
हे मोहोपाड्याहून शिफ्ट करून आले, जेवताना म्हणाले, "तू कोणाशी काही बोलू नकोस." मी कुठे बोलतेय? चित्र बोलतंय.

२७ एप्रिल
मु.अ. सर: "हात बदला. आशीर्वादाचा काढा."
जोडलेले हात पांढऱ्यानं बुजवले, उजवा हात वर काढला. परांचीवरून उतरायच्या आतच खालून आवाज, "आता तर हातच वर केलं!" एक म्हातारा हसता हसता खोकायला लागला, त्याला पाणी द्यायला कोणाकडे पाणी नव्हतं.
वर भाऊंच्या ऑफिसातून फोन. उघडा तळहात म्हणजे समोरच्यांचं चिन्ह, बाई आहे की बावळट? शिव्याही दिल्या. मी "सॉरी सर" म्हणाले. दोनदा म्हणाले! ओकारी आली स्वतःच्या आवाजाची.
पुन्हा पांढरा. भाऊ आता बिनहातांचे आहेत.

१ मे
ग्रामसभा. एरवी सह्या घेऊन उरकतात, आज देवळाच्या पायरीपर्यंत लोक. भाऊंचा माणूस म्हणाला, "तुम्हाला भाऊंचं चित्र खुपतंय, दुसरं काय नाय."
हिराबाय उठली. "चितार नाय खुपत. टाकी खुपते."
मग रेटारेटी. अर्धे म्हणाले पुसा, सगळी टाकी पांढरी करा. अर्धे म्हणाले राहू दे, तेवढीच लाज. हिराबाय राहू दे म्हणणाऱ्यांत. "पुसलं की पुन्ना कोन इचारतंय?" ग्रामसेवक मान खाली घालून लिहीत होते, काय कोण जाणे. मध्येच कोणीतरी म्हणालं, बाईंना विचारा, काढलंय त्यांनीच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा अंगठा बघत बसले. भाऊंपेक्षा त्या क्षणी माझीच जास्त शिसारी आली. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

५ मे
मु.अ. सरांच्या केबिनमध्ये हातांवर चर्चा. जग काय करतंय, आम्ही दोन पदवीधर माणसं हात कुठे ठेवायचे त्यावर बसलोय. मागे ठेवले तर "हात बांधलेत" म्हणतील. घडी घातली तर बसून राहिलेत म्हणतील. खाली सोडले तर "हात टेकले". सर स्वतःच हसले, आणि हसल्याबद्दल माझ्यावर चिडले.
मग त्यांना सुचलं: दोन्ही हातांत भरलेली घागर. पाणी उतू जातंय असं.
त्या टाकीवर! खाली हिराबायचा रिकामा हंडा आणि वर मी उतू जाणारं पाणी रंगवायचं, मामाच्या डोळ्यांसमोर.
"सर, एवढं मला जमणार नाही."
"विचार करा बाई. जून काही लांब नाही."
"विचार केलाय." माझाच आवाज. चांगला वाटला. पायऱ्या उतरेपर्यंत.

१२ मे
हिराबाय दारात. इथे तालुक्याला कागदासाठी आली होती, साहेब नव्हते. दोन तांबे पाणी प्यायली, मग बाटली पुढे केली, भरून दिली.
"काढलं का गं हात?"
"नाही."
"नोकरी जाईल का तुमची?"
"बहुतेक."
तिनं बाटलीचं बूच घट्ट लावलं. मग म्हणाली, "आमच्यापायी नका घालवू, बाई. पन काढू बी नका." दोन्ही कसं जमायचं ते तिनं सांगितलं नाही. तिलाही माहीत नसावं.
ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

१९ मे
दुपारी स्नेहलचा फोन. माझ्याच हाताखाली शिकलेली, मोहोपाड्याच्या एका शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवते. गुणी पोरगी. आधी तब्येत विचारली, मग ऊन, मग आवाज उतरला.
"मॅडम, तुमच्या सरांनी बोलावलं होतं. जूनपासून या म्हणाले. त्याआधी टाकीवर फक्त हात काढून द्यायचेत. घागर धरलेले." जरा थांबून, "तुम्हाला विचारल्याशिवाय कसं काढू?"
राग यायला हवा होता, आला नाही. सरांची मात्र घाण वाटली. कोणाला गाठायचं हे बरोबर कळतं त्यांना.
म्हटलं, "भाऊंच्या हातात काय आहे ते आधी खाली बसलेल्या बायकांना विचार. मग काढ."
रस्त्यावरून टेंपो गेल्याचा आवाज आला.
"मॅडम, मला नोकरी हवीय हो."
"मलापण हवीय गं."
मग तिनं विचारलं, "बायका टाकीखाली किती वाजता बसतात?"