दारापाशी दहा वेळा 'मला'

२ जुलै, बुधवार
भंडाऱ्याचं पाच दिवसांचं पायाभूत शिक्षणाचं ट्रेनिंग संपलं. आता पहिलीचा वर्ग आणि मी. दिवाळीपर्यंत बावीसच्या बावीस मुलं घडाघडा वाचतील, हे इथे लिहून ठेवतो. तिसऱ्या दिवशीचं 'घरची भाषा' हे सेशन तेवढं चुकलं. बायकोने, चंद्रकांताने, पाणी भरायला सांगितलेला पितळेचा गुंड बघायला बाजारात गेलो होतो. सही सकाळीच करून ठेवली होती. तसाही भाषा हा माझा हातखंडा विषय.

३ जुलै
नियम केला. वर्गात 'मले', 'तुले' बंद. जो बोलेल त्याने दारापाशी उभं राहून दहा वेळा 'मला' म्हणायचं. मी स्वतः दिघोरीचा. कॉलेजात 'मले' म्हटल्यावर पोरं कशी हसली होती, ते अजून विसरलो नाही. माझ्या मुलांवर ती वेळ यायला नको.
पहिला नंबर शालूचा लागला. गुरुजी, मले तहान लागली, म्हणाली. दहाही वेळा छान म्हटलं तिने. पाणी प्यायला सोडायचं तेवढं राहून गेलं.

९ जुलै
पहिल्या दिवशी 'मले' एकतीस वेळा. आज शून्य. वर्ग इतका शांत की छपराच्या कवेलूवरची चिमणी ऐकू येते. शालू तर तोंडच उघडत नाही. समजूतदार मुलगी.

१५ जुलै
वाईट झालं. शालूला वर्गातच, सतरंजीवर लघवी झाली. मुख्याध्यापिका साधना मॅडमनी तिला नेऊन कपडे बदलले. तिने विचारायला हवं होतं, असं मी म्हणालो. कोणत्या शब्दांत विचारणार होती ती, सर, असं मॅडम म्हणाल्या. मी हजेरी भरायला घेतली. डबा तसाच परत आणला. मले काही सुचत नाही.
वरचा शब्द खोडला. मला.

१८ जुलै
अक्षरओळखीची चाचणी. शालू बोट बरोबर ठेवते, पण आवाज नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहिणार? 'शिक्षक' असा पर्याय छापलेलाच नाही. 'वाचादोष' समोर टिक केली. पेन्सिलने. पेन्सिल म्हणजे अजून काही नक्की नाही.

२१ जुलै
केंद्रावर फॉर्म जमा केले. पेन्सिल चालत नाही, पेनने गिरवा म्हणाले. गिरवली. मीच.

२३ जुलै
शालूची आई रत्नाबाई तपासणी शिबिराची नोटीस घेऊन, धानाची रोवणी अर्धी सोडून आली. पाय चिखलाने भरलेले. म्हणाली, घरी तर हे पोट्टी बोलून बोलून डोकं खाते, गुरुजी, मग मुकी काहून लिवलं? शासनाचा फॉर्म आहे, म्हणालो. मग म्हणाली, तुमी लिवलं म्हणजे असंल काही, आमाले काय समजते. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२९ जुलै
भंडाऱ्याला तपासणी शिबिर. मायलेकी सकाळच्या एसटीने गेल्या. मीही सोबत जाणार होतो, पण अंग कसकसत होतं. थर्मामीटर नॉर्मल दाखवतो. जुनं आहे.

३० जुलै
चिठ्ठी आली. मुलीची वाचा उत्तम. रत्नाबाई सांगत होती, डॉक्टरीणबाई तुले-मलेतच बोलल्या, मंग हिनं शाळेतलं सारंच सांगून टाकलं. सारं म्हणजे काय, ते विचारायचं धाडस झालं नाही.
घरी येऊन ट्रेनिंगचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. पान चौतीस: मूल घरच्या भाषेत बोललं तर टोकू नका, त्याच भाषेवरून त्याला पुढे न्या. हे पान आधीच्या पानाला चिकटलेलं होतं, हेही नोंदवून ठेवतो.

४ ऑगस्ट, सोमवार
नियम मोडायचा आणि शालूची माफी मागायची, असं ठरवलं होतं. माफी लिहूनही काढली. तीन परिच्छेद, शुद्ध मराठीत. पण खिचडीच्या तांदळाची गाडी आली आणि राहून गेलं.
गाडी दहा मिनिटं थांबली होती.

६ ऑगस्ट
आज नक्की, म्हणून कागद खिशात घालून वर्गात गेलो. तेवढ्यात दिघोरीहून आईचा फोन. घाईत म्हणालो, आई, मले आता टाइम नाही, मी वर्गात आहो.
फोन ठेवला तर बावीस चेहरे माझ्याकडे. आणि कितीतरी दिवसांनी शालूचा आवाज. 'मले' नाही, गुरुजी, 'मला'. तिने दाराकडे बोट केलं.
गेलो. उभा राहिलो. ती बोटांवर मोजत होती, एकही सोडलं नाही. सातव्याला अडखळलो. खिशात हात घातला, पण दहा होईपर्यंत मध्ये दुसरं काही बोलायचं नाही, हा नियमही माझाच. दहा झाले. शालू उठून जवळ आली. तुमाले तहान लागली का, गुरुजी, असं तिने विचारलं.
तिला दारापाशी उभं राहा असं कोणीच म्हणालं नाही. मी हो म्हणालो. तिने आपली बाटली दिली, ती घटाघटा प्यायलो. कागद खिशातच राहिला.
३ जुलैला तिला पाणी केव्हा मिळालं, ते मी अजून विचारलेलं नाही.