कॅल्शियमच्या डबीतल्या गोळ्या

प्रिय ताई,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले. आता खोडत नाही, पण म्हणून लाडात येऊ नकोस. मी प्रचंड संतापले आहे.

ढब्बू बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. परवा तो दूध ओढेना, तळपायाला टिचक्या मारल्या तरी डोळे उघडेना. सासूबाई म्हणाल्या, गुणी बाळ आहे, झोपू दे. मलाही क्षणभर बरंच वाटलं. मग त्याचे ओठ निळसर दिसले आणि आम्ही पायात चपला न घालता दवाखान्यात धावलो.

तिथे माझं दूध तपासलं. त्यात अफूच्या जातीचं वेदनाशामक निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही बायकांच्या अंगात त्याचं फार कडक औषध बनतं, ते दुधातून बाळाच्या पोटात जातं आणि त्याचा श्वास मंदावतो. मग त्यांनी विचारलं, नशा कधीपासून करता? ताई, मला! चहा जरा कडक झाला तरी जिची झोप उडते, तिला! मी गळा काढून सांगत राहिले की टाक्यांच्या दुखण्यावर ताईने दिलेल्या साध्या गोळ्या घेते, बाकी काही नाही.

साध्या कसल्या! तुझ्या ऑपरेशनच्या उरलेल्या गोळ्या तू पट्टीतून काढून कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरल्यास. पट्टीवरचा, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठीचा इशारा वाचून मी घाबरेन आणि दुखणं सोसत बसेन, म्हणूनच ना? तू औषधांच्या दुकानात काम करतेस, म्हणून मीही डोळे झाकून गिळल्या. लहानपणी कडू औषध साखरेत लपवून द्यायचीस. तुझी माया कायम अशीच, न विचारता गळी उतरवणारी.

तेही एक वेळ पोटात घातलं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी फोन केला, तर आपण काहीच दिलं नाही म्हणून तू हात झटकलेस. आता इथे मी नशेबाज आणि वर खोटारडी. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

ढब्बू आता खणखणीत रडतो. काचेपलीकडून ऐकू आलं की मला पान्हा फुटतो आणि मी ते दूध बेसिनमध्ये पिळून टाकते. त्याला माझ्याकडे देत नाहीत. उद्या सकाळी बालकल्याणवाल्या बाई येतील आणि तो माझ्याबरोबर घरी येणार की नाही, ते ठरवतील. तुझी नोकरी जाईल, कळतं मला. तरी ये आणि खरं सांग. नाही आलीस, तर ढब्बूला मावशी नाही असं मी समजेन. त्याला आई आहे की नाही, ते त्या बाई सांगतील.

तुझीच, उद्या सकाळपर्यंत तरी,
धाकटी